दुसरं ताट

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले, हे आधीच कबूल करते. स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि सगळ्यांची करमणूक करायचे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवला. बाईने अख्खा कोहळा कापू नये म्हणतात ना? तो मी वर्गात, पोरांसमोर, टेबलावर ठेवून कापला होता. त्यावरून दोन पालक भांडायला आले होते, त्यांनाही एकेक फोड दिली. तेव्हा हे लिहिताना मला किती जड जातंय ते समजून घ्या. हसलात तरी राग नाही... तुमच्या जागी मीही हसलेच असते.

आमचा मळा वाशीम जिल्ह्यात, शिरपूर जैन आणि केनवडच्या मधात, डांबरी रस्त्यापासून दोन शेतं आत. वांगी, मिरची, पालक, सांबार — म्हणजे तुमची कोथिंबीर. मळ्यातच स्लॅबचं घर, बाहेरून जिना, वर उघडी गच्ची. मुलगा नोकरीला पुण्याला, त्यामुळे मागच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात.

मागच्या वर्षी पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी वाशीमच्या एका ओळखीच्या कापडवाल्या शेठचा मिस्टरांना फोन आला. शेठ सिंधी. त्यांचे आजोबा फाळणीत सगळं सोडून आलेले, म्हणून आजही तिकडून कोणी आलं की ते धावपळ करतात. सिंधमधल्या एका खेड्यातून एक हिंदू कुटुंब आलं होतं — नवरा, बायको आणि कडेवरची तान्ही मुलगी. नागपूरकडे त्यांच्या लोकांच्या वस्तीत खोली मिळणार होती, पण ती रिकामी व्हायला पंधरा दिवस होते. पाकिस्तानी पासपोर्ट बघितला की लॉजवाले हात जोडत होते. शेठच्या घरी लेकीचं बाळंतपण.

"पंधरा दिवसाचा सवाल हाये," मिस्टर म्हणाले. "आपल्या दोन खोल्या खाली पडून हायेत, अन् त्याईले डोस्क्यावर छत नाही."

"अन् उद्या पोलीस आले म्हणजे?"

"त्याईले सांगूनच ठेवतो ना. कागदं पक्के हायेत म्हणते शेठ. तू काहून भेऊन राह्यली?"

"भेऊन नाही राह्यली. इचारून राह्यली."

गावात मिस्टरांना हळवा म्हणतात आणि मला खडूस. दोन्ही बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी भाजी टाकून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून ती मंडळी आली. एक पत्र्याची पेटी, दोन बोचकी. हरजी उंच, वाळलेला, सारखा हात जोडणारा. त्याची बायको जमना अठ्ठावीसेक वर्षांची असेल, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि कडेवर ती वर्षाची पोर. मी चहा दिला तर कपाकडे न बघता जमना आधी घराकडे बघत राहिली. भिंतीला हात लावून बघितला. मला तेव्हा जरा गंमतच वाटली होती.

हरजीचं मनगटी घड्याळ अर्धा तास मागे होतं. मिस्टरांच्या ते लगेच लक्षात आलं. "सेल गेला वाटते, उद्या वाशीमातून टाकून आणतो," ते म्हणाले. हरजी ओशाळून हसला. "सेल ठीक है, साहब. वहाँ का टाइम है. लछमी आ जाए, तब मिलाऊँगा."

लछमी कोण, ते जेवायला बसल्यावर कळलं. शेतावर आमचं पहिलं जेवण साडेदहाच्या सुमारास असतं. मी ताटं मांडली आणि जमनानं आपल्या शेजारी अजून एक ताट मांडलं. अर्धी पोळी, थोडी भाजी, थोडा भात, वर गुळाचा खडा.

"ये किसकी?"

"मेरी बड़ी बेटी की, दीदी. लछमी की."

नऊ वर्षांची पोर. चौघांचे कागद एकाच दिवशी दिले होते, तिघांचे आले. लछमीच्या कागदात काहीतरी चूक निघाली आणि तो परत फिरला. तिघांच्या व्हिसाची मुदत सुरू झालेली. थांबले असते तर तेही हातचे गेले असते. शेवटी तिला मामाकडे ठेवून ही माणसं निघाली. महिनाभरात तिचेही कागद होतील, मामा तिला बॉर्डरपर्यंत आणून सोडेल, हरजी घ्यायला जाईल... असं ठरलं होतं. निघताना पोरगी रडली नाही म्हणे. फक्त म्हणाली, मी येईपर्यंत माझी थाळी लावत जा.

जेवणं झाली. ते ताट तसंच. मी म्हटलं, खाऊन टाक, अन्न वाया कशाला? जमना मान हलवत म्हणाली, "बच्ची का हिस्सा माँ कैसे खाए?"

आता माझी चूक सांगते. ती चूक आमच्याकडच्या बाईच्याच हातून होऊ शकते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून पितृपक्षाचे पंधराही दिवस आईच्या नावाने कावळ्याला घास ठेवायचा, असा मिस्टरांचा हट्ट. माझा विश्वास शून्य. पण नवऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून रोज एक ताट मी गच्चीवर नेऊन ठेवायचे. त्या दिवशीही ते तयार होतंच. जमनाच्या हातातलं ताट बघितलं आणि म्हटलं, आण इकडे, पक्षी तरी खातील. एकाच खेपेत दोन्ही ताटं वर नेली आणि कठड्याजवळ शेजारी शेजारी ठेवली. एक मेलेल्या सासूचं, एक जिवंत पोरीचं. जिन्याच्या सोळा पायऱ्या दोनदा चढायचा कंटाळा, एवढंच कारण होतं.

कावळे आले. सासूबाईंचं ताट पाच मिनिटांत साफ. लछमीच्या ताटाला चोचही लावली नाही.

मी संध्याकाळी ताट खाली आणलं. जमनानं भरलेलं ताट बघितलं आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "रूठी है हमसे." कोणी खाल्लं नाही याचा तिनं लावलेला अर्थ हा. लेक रुसली आहे.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकाच कढईतली भाजी, एकाच तव्यावरची पोळी, दोन्ही ताटं स्टीलची आणि एकाच दुकानातली. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी जुनी वही काढली, रोज वेळ लिहायला लागले. चौथ्या दिवशी ताटांच्या जागा बदलल्या. पाचव्या दिवशी जमनानं लेकीसाठी वाढलेलं अन्न मी सासूबाईंच्या ताटात ओतलं आणि त्यांचं लछमीच्या ताटात. सहाव्या दिवशी लछमीच्या ताटात जास्तीचा भात आणि वर तूप. कावळे कठड्यावर ओळीनं बसायचे, मान वाकडी करून त्या ताटाकडे बघायचे... आणि सासूबाईंच्या नावानं वाढलेलंच खायचे, मग ते कुठल्याही ताटात असो. आणखी एक गोष्ट. त्या ताटातल्या गुळाला मुंगी लागत नव्हती. आमच्या गच्चीवर! जिथे वाळत घातलेल्या मिरचीवरही मुंग्या चढतात!

मला भीती वाटत होती का? मुळीच नाही. मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय — त्या पोरीच्या ताटावर मी प्रयोग करत होते.

भाजी तोडायला येणाऱ्या सुमनबाईंनी सातव्या दिवशी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, थ्या पोरीचं ताट पित्तराजोळ कायले ठेवून राह्यल्या तुमी?"

"अवं, वाया जाते म्हणून."

"कुत्र्याले टाका, गाईले टाका. जित्या माणसाचं पान तथी ठेवत नसतेत. कावळा शिवून नाही राह्यला तवरिक बरं हाये. शिवला म्हंजे?"

"शिवला म्हंजे त्याले भूक लागली, असं समजायचं," मी हसून म्हटलं. हेच उत्तर मी एकतीस वर्षं पोरांना दिलं होतं. सुमनबाई वाफ्यात निघून गेल्या. मी त्यांचं ऐकलं असतं तर... पण मी कोणाचं ऐकते?

त्या दिवसांत घर मात्र भरल्यासारखं झालं होतं. हरजी मिस्टरांबरोबर पहाटेपासून वाफ्यात राबायचा, पाहुण्याने काम करू नये म्हटलं तरी ऐकायचा नाही. दर दोन दिवसांनी दोघं वाशीमला जायचे, कागदांची चौकशी करायला. मामाच्या खेड्यात नेटवर्क नव्हतं, तो तालुक्याला आला की फोन करायचा. एकदा माझ्यासमोर फोन आला. लछमीशी बोलणं झालं. जमनानं मोबाइल माझ्या कानाला लावला आणि तिकडून बारीक आवाज आला, "मासी, मेरी थाली लगती है ना?" मी म्हटलं, "लगती है बेटा, रोज." मामा म्हणाला पोरीला थोडा बुखार आहे, बाकी काही नाही.

अमावस्येला चार दिवस राहिले होते. मी नेहमीसारखी दोन ताटं ठेवली आणि वही घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. ऊन स्वच्छ होतं. खाली सुमनबाई सांबार काढत होत्या. एक कावळा कठड्यावरून उतरला, साधाच, करड्या मानेचा. सासूबाईंच्या ताटाला वळसा घालून पुढे गेला. सरळ लछमीच्या ताटात चोच घातली. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला... दोन-तीन मिनिटांत ताट चाटूनपुसून लख्ख. गुळाचा खडासुद्धा नेला. सासूबाईंच्या ताटाकडे कोणी बघितलंही नाही.

मी सवयीने घड्याळ बघितलं. वहीत लिहिलं — अकरा वाजून दहा मिनिटं, दुसरं ताट. लिहून झालं आणि मग मी काय लिहिलं ते मला कळलं. मी वही मिटून टाकली. खाली बघितलं तर सुमनबाई तोंडाला पदर लावून वरच बघत होत्या.

तेवढ्यात धाकटीचे कपडे वाळत घालायला जमना वर आली. तिला रिकामं ताट दिसलं.

"दीदी... खाया?"

तिनं ते ताट उचललं, छातीशी धरलं, तिच्या बांगड्या त्यावर वाजल्या. "आज खाया उसने! मान गई!" आणि ती तशीच धावत खाली गेली, हरजीला सांगायला. त्या दिवशी तिनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. सुमनबाईंच्याही. सुमनबाईंनी तो तोंडात टाकला नाही, पदराच्या गाठीत बांधला. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "आता काई बोलू नोका, मॅडम. लेकराच्या मायले काई सांगू नोका."

आमच्या रीतीत याचा अर्थ काय, हे जमनाला कुठून माहीत असणार? आणि मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार? मी तर या गोष्टी न मानणारी! मी हरजीच्या मागे लागले — मामाला फोन लावा, पोरीला बुखार होता ना, विचारा. त्यानं वीस वेळा लावला. फोन बंद. मिस्टर म्हणाले, "तू कायले एवढी घायबरी झाली? नेटवर्क नसन."

दुसऱ्या दिवशी तिकडच्या शहरातल्या एजंटचा मेसेज आला. लछमीचे कागद झाले.

हरजी अंगणातच खाली बसला आणि रडला. मिस्टर त्याच्या पाठीवर हात फिरवत स्वतःही रडत होते. जमनानं माझ्याकडे शिलाई मशीन मागितलं. माझी एक जुनी पिवळी साडी मीच तिला दिली होती, तिचा तिला लेकीसाठी फ्रॉक शिवायचा होता. "दीदी, नौ साल की है पर लंबी है, इतनी," आणि तिनं माझ्या बरगडीशी हात लावून उंची दाखवली. दोन दिवस ते मशीन चालत होतं. मी भिंतीच्या अलीकडे पोळ्या लाटत होते. मला तो आवाज ऐकवत नव्हता आणि थांब म्हणताही येत नव्हतं. रोज ती ताट मांडत होती, रोज मी ते वर नेत होते. कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. आणि रोज कावळे आधी त्याच ताटावर उतरत होते. स्वतःला समजावत होते — योगायोग आहे, पक्ष्यांना त्या ताटाची सवय झाली, बुखार तर सगळ्यांनाच येतो. पण मला माहीत होतं. जमनाच्या आधी दोन दिवस मला माहीत होतं, आणि मी तिला "बटण कोणत्या रंगाचं लावायचं" ते सांगत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला. लछमी गेली होती. ताप डोक्यात गेला होता, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. त्यानं दवाखान्याच्या कागदाचा फोटो पाठवला. जमनाचा आवाज मी इथे लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही.

फोटो मिस्टरांनी बघितला. दिवस तोच, तिचं ताट रिकामं झालं तो. आणि वेळ — दहा चाळीस.

आता जे लिहिते ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. घरात ती आई जमिनीवर डोकं आपटत होती आणि मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. दहा चाळीस! माझ्या वहीत अकरा दहा. अर्ध्या तासाचा फरक. म्हणजे पोर आधी गेली, कावळा नंतर आला, माझ्या ताटामुळे काही झालेलं नाही. मी मनातल्या मनात जवळजवळ हुश्श केलं.

मग माझी नजर हरजीवर गेली. तो भिंतीला टेकून बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी माझ्या बाजूला वळलेली होती. ते अर्धा तास मागे होतं.

रेखांश, स्थानिक वेळ, प्रमाणवेळ... इतकी वर्षं पृथ्वीचा गोल फिरवून मी हेच शिकवलं. तिकडचे दहा चाळीस म्हणजे आपले अकरा दहा. मिनिटाचाही फरक नव्हता.

पंधरा दिवस पूर्ण झाले. खोली तयार असल्याचा निरोप आला. माणसाला राहायला जागा मिळते ती कधी मिळावी याला काही लाज? सकाळी टेम्पो दारात लागला. हरजीनं पेटी चढवली, मग उभ्या उभ्या मनगटावरचं घड्याळ काढलं, मिस्टरांना वेळ विचारली आणि काटा अर्धा तास पुढे केला.

जमनाचे डोळे कोरडे होते. तिनं माझे दोन्ही हात धरले. "दीदी, एक बात पूछूँ? सच बोलना. उस दिन आपने देखा था ना? उसने पूरा खाया था ना? भूखी तो नहीं गई?"

तिला हिशेब लागला होता. दिवस तोच हे तिला कळलं होतं, पण तिच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा होता — जायच्या आधी लेक आईकडे जेवून गेली.

मी म्हटलं, "हाँ. पूरा खाया. गुड़ भी."

तिनं माझ्या हातांवर कपाळ टेकवलं आणि टेम्पोत चढली. माझ्या आयुष्यात मी कोणाला इतकं खरं बोललेले नाही, आणि इतकं खोटंही.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. म्हणा. मीही वर्षभर तेच म्हणत आले. कावळे फार हुशार असतात, माणसाचे चेहरे ओळखतात, हे सगळं मी वाचलेलं आहे. पण शेकडो कोसांवरच्या एका पोरीचा श्वास थांबला, हे आमच्या गच्चीवरच्या कावळ्याला कळण्याचं कोणतंही पुस्तक मला मिळालेलं नाही. आणि त्याहून वाईट प्रश्न दुसरा आहे. ती जाणार होती म्हणून कावळा शिवला, की मी तिचं ताट तिथे मांडलं म्हणून... हा प्रश्न मी मिस्टरांनाही विचारू शकत नाही. सुमनबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्या बाईंनी सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

पिवळा फ्रॉक मशीनवरच राहिला. एका बाहीची शिवण बाकी आहे. जमनाचा फोन येतो अधूनमधून, ती कधी त्याचं नाव काढत नाही. मीही नाही.

यंदा पितृपक्षात मी गच्चीवर गेले नाही. गुडघे दुखतात म्हटलं. मिस्टरांनी स्वतःच ताट वाढलं, स्वतःच वर नेलं. बराच वेळ झाला तरी खाली येईनात. आले तेव्हा हातात दोन रिकामी ताटं होती.

"दोन काहून?" मी विचारलं.

"तिचं कोण ठेवन मंग? माय-बापाले तं हे माहीतच नाही." त्यांनी ताटं मोरीत ठेवली, नळ सोडला. "पंधरा दिवसासाठी ठेवून घेतलं होतं आपण त्याईले. पोट्टी मात्र इथंच राह्यली."

मी पुढे होऊन ताटं घासायला घेतली. मग न राहवून विचारलं, आधी कोणतं खाल्लं.

"तिचं," ते म्हणाले. "माही माय थांबली होती तिच्यासाठी."